ट्रकमधली बेसची पेटी



आपल्या गेवराईवरून धुळे-सोलापूरचा मोठा रस्ता जातो. राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात तो हाच. त्याच्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं बाहेरच्या कारखान्यांवर जातात. ट्रक म्हटला की ड्रायव्हर आला, आणि ड्रायव्हर म्हटला की गाणं आलं. कुणाला भजन लागतं, कुणाला भीमगीत, कुणाला लावणी. रात्रीच्या वाटेला काही तरी सोबत हवीच.

पूर्वी साधा टेप पुरत होता. आता ड्रायव्हर सुताराकडे येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, बेस पाहिजे. ढोल वाजला की छातीत कळलं पाहिजे."

बेस म्हणजे खालचा, जाड सूर. तो काढायला सबवूफर नावाचा मोठा स्पीकर मिळतो. दुकानात गेलं की स्पीकर येतो, पण नुसता स्पीकर काही कामाचा नाही. त्याला पेटी लागते. तयार पेट्या बहुतेक मोटारीच्या डिकीच्या मापाच्या असतात. ट्रकच्या सीटमागे त्या बसत नाहीत. मग गावातल्या सुताराकडून पेटी करून घ्यावी लागते. हा पाठ त्या पेटीचा आहे. करणाऱ्यानं वाचावा, करून घेणाऱ्यानंही वाचावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही पेटी अंदाजानं होत नाही. कपाट चार बोटं कमी-जास्त झालं तरी कपडे मावतात. इथं तसं चालत नाही. इथं स्पीकरबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा वाचावा लागतो आणि पाटीवर गुणाकार करावा लागतो. तुम्ही आता वाचायला शिकलात, गुणाकारही शिकलात. या कामाला तेवढंच शिक्षण लागतं, पण तेवढं लागतंच.

पेटी कशासाठी?

स्पीकरच्या मधला जाड कागदाचा पडदा तुम्ही पाहिला असेल. तो पुढं-मागं हलतो. पुढं आला की समोरची हवा दाबली जाते. त्याच वेळी पाठीमागची हवा विरळ होते. आता मध्ये आडोसा नसेल तर काय होईल? पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागच्या मोकळ्या जागेत शिरेल. एकानं विहिरीत बादली ओतावी आणि दुसऱ्यानं त्याच वेळी बादली काढावी, तसं होईल. पाणी चढणार नाही. हवेचंही तेच. सूर तयार होण्याआधीच मोडतो.

खरं वाटत नसेल तर करून पाहा. स्पीकर नुसता हातात धरून वाजवा. आवाज चिरका येईल. मग एका मोठ्या फळीला भोक पाडून त्यात तोच स्पीकर धरा. लगेच थोडा जाडपणा येईल. फळीनं पुढची आणि मागची हवा वेगळी केली, एवढंच झालं. पेटी म्हणजे सगळीकडून वळवून बंद केलेली फळीच.

पण पेटीचं काम एवढ्यावर संपत नाही. पेटीतली हवा पडद्याला स्प्रिंगसारखी आवरून धरते. पडदा आत गेला की आतली हवा त्याला बाहेर ढकलते. पेटी लहान असेल तर ही स्प्रिंग कडक होते. पेटी फार मोठी असेल तर ती ढिली पडते. म्हणून आत किती हवा आहे याला महत्त्व आहे.

याचा दाखला घरातच आहे. नळाखाली घागर भरताना कान देऊन ऐका. आधी आवाज जाड असतो. घागर भरत येते तसा तो बारीक होत जातो. पाणी वाढतं, आतली हवा कमी होते, म्हणून सूर चढतो. घरातल्या बायका चुलीपाशी बसून, न बघता सांगतात की घागर भरली. पेटीचंही तसंच आहे. हवा कमी पडली की सूर वर चढतो. मग ढोल ढोलासारखा वाजत नाही. पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा वाजतो. आणि सगळ्या गाण्यांत एकच "बुम्म" ऐकू येतो. डग्गा कोणता आणि संबळ कोणतं, काही कळत नाही.

ही हवेच्या स्प्रिंगची युक्ती कामाला लावली ती अमेरिकेतल्या एडगर विल्चर नावाच्या माणसानं, १९५४ साली. त्याच्याआधी खालचा सूर हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चरनं लहान, घट्ट बंद पेटीतून तो सूर काढून दाखवला. हा मनुष्य न्यूयॉर्कच्या विद्यापीठात शिकवत होता. शिक्षकानं हे काम केलं म्हणून मला ते जरा जास्तच आवडतं! पुढं १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या थील यांनी, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत स्मॉल यांनी, कोणत्या स्पीकरला केवढी पेटी लागते याचं गणित बसवून दिलं. आज स्पीकरच्या डब्यात जो आकड्यांचा कागद येतो, त्यावर याच दोघांच्या पद्धतीचे आकडे असतात. पुष्कळ लोक तो कागद डब्याबरोबर फेकून देतात. तो फेकू नका. तो कागद म्हणजे या कामाचा सातबारा आहे.

लिटर कसे मोजायचे?

पेटीचे दोन प्रकार आहेत. एक सगळीकडून बंद. दुसरी भोकाची, म्हणजे तिच्यात एक नळी बसवलेली असते. नळीच्या पेटीचा आवाज मोठा येतो. पण नळीची लांबी आणि रुंदी चुकली तर सगळंच बिघडतं. पहिली पेटी करणाऱ्यानं बंद पेटीच करावी. ट्रकचं केबिन लहान आणि बंद असतं. तिथं खालचे सूर आपोआप भरून येतात, म्हणून बंद पेटी पुरते.

कागदावर बंद पेटीसाठी किती हवा लागते ते लिटरमध्ये लिहिलेलं असतं. काही कागदांवर ते घनफुटात असतं. १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. लिटर म्हटलं की आपल्याला दूध आठवतं, तेल आठवतं. हवासुद्धा लिटरमध्ये मोजता येते. १० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि १० उंच असा डबा घ्या. १० गुणिले १० गुणिले १०, झाले १०००. त्या डब्यात बरोबर १ लिटर दूध मावतं. म्हणून आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १००० नं भागायचं. आले लिटर. आपले सुतार इंच आणि सूत धरून चालतात हे मला ठाऊक आहे. त्याला माझी ना नाही. पण या एका कामापुरती टेपची दुसरी बाजू वाचा. हिशोब सोपा जातो.

आता एक उदाहरण पाटीवर मांडू. समजा, १२ इंची स्पीकर आहे. कागदावर लिहिलंय, ३२ लिटर हवा पाहिजे. पण स्पीकरचं लोहचुंबक पेटीच्या आत बसतं. ते जागा खातं. तोही आकडा कागदावर असतो. आपण अडीच लिटर धरू. आत आधाराच्या रिपा मारायच्या, त्यांना दीड लिटर धरू. ३२ आणि अडीच आणि दीड, एकूण ३६ लिटर. म्हणजे ३६,००० घन सेंटिमीटर.

आतून ४० सेंटिमीटर रुंद, ३६ उंच आणि २५ खोल अशी पेटी घेतली तर? ४० गुणिले ३६, झाले १४४०. १४४० गुणिले २५, झाले ३६,०००. जमलं.

सीटमागे २५ सेंटिमीटर खोली मिळत नसेल तर घाबरू नका. आकार बदला, गुणाकार तोच ठेवा. ४५ रुंद, ४० उंच, २० खोल. याचाही गुणाकार ३६,००० च येतो. मात्र स्पीकरची स्वतःची खोली बघून घ्या. लोहचुंबकाच्या मागं दोन-तीन बोटं तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. आता तुम्ही करा: खोली १८ आणि उंची ४० असेल, तर रुंदी किती लागेल? उत्तर ५० आलं तर पुढं वाचा. नाही आलं तर पाटी पुसून परत मांडा.

इथं एक मोठी फसगत होते. तिच्यापायी पुष्कळ पेट्या वाया गेल्या आहेत. हे माप आतलं आहे. सुताराच्या हाताला बाहेरच्या मापाची सवय असते. त्यानं ४०, ३६ आणि २५ हे बाहेरचं माप धरलं, तर १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या दोन्हीकडून आत येतात. प्रत्येक बाजूला ३.६ सेंटिमीटर कमी होतात. आत उरतात ३६.४, ३२.४ आणि २१.४. यांचा गुणाकार करा. २५ लिटरच्या थोडं वर येईल. म्हणजे ३६ लिटरातले जवळजवळ ११ लिटर गेले. तिसरा हिस्सा जायला थोडाच कमी पडला. पेटी दिसायला झकास होते, रंगही छान लागतो, आणि आवाज येतो डब्याचा. गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर खराब. दुकानदार म्हणतो वायरिंग खराब. सुतार म्हणतो मी काय करू. आणि उचलीतून घेतलेले पैसे मातीत जातात.

कापणी आणि जोडणी

लाकूड १८ मिलिमीटर जाडीचं एमडीएफ घ्यावं किंवा चांगलं, भरीव प्लायवूड घ्यावं. स्वस्त प्लायवूडच्या थरांत पोकळ जागा असतात. त्या गाणं लागलं की कुरकुरतात. एमडीएफ एकसारखं आणि जड असतं, म्हणून थरथरत नाही. त्याचा एकच शत्रू, पाणी. ओलं झालं की ते पावासारखं फुगतं.

आपल्या ४०-३६-२५ च्या पेटीला सहा तुकडे लागतात. पुढचा आणि मागचा, ४३.६ बाय ३९.६ सेंटिमीटर. वरचा आणि खालचा, ४३.६ बाय २५. दोन्ही बाजूंचे, ३६ बाय २५. सगळं मिळून सुमारे ८ चौरस फूट लाकूड झालं. आठ बाय चारचा पूर्ण ताव ३२ चौरस फुटांचा असतो. करवतीचं आणि तुकड्यांचं नुकसान धरलं तरी एका तावात तीन पेट्या आरामात निघतात. तीन गिऱ्हाइकांची कामं एकदम धरली तर सुताराच्या पदरात दोन पैसे जास्त पडतात.

एमडीएफ कापताना पिठासारखी धूळ उडते. ती छातीत जाते. नाकातोंडाला उपरणं घट्ट बांधा आणि काम उघड्यावर करा. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

स्पीकरचं भोक पाडताना पुन्हा कागद वाचा. १२ इंची स्पीकर म्हणजे त्याची बाहेरची चौकट साधारण १२ इंच. भोक त्याहून लहान असतं. समजा कागदावर २८ सेंटिमीटर लिहिलंय. मग पुढच्या फळीचा मध्य काढायचा, तिथं खिळा रोवायचा, १४ सेंटिमीटरवर पेन्सिल बांधून गोल फिरवायचं. जिगसॉ मशीननं रेघेवरून सावकाश कापायचं. १२ इंच ऐकून कुणी १२ इंचाचंच भोक पाडलं, तर स्पीकर अडकणार कशावर? तो थेट आत जाईल आणि ती फळी चुलीत जाईल.

जोडायच्या आधी सगळे तुकडे कोरडे उभे करून पाहा. गुण्या लावा. कोपरे काटकोनात आले पाहिजेत. मग फेविकॉल दोन्ही बाजूंना सढळ लावा. स्क्रू मारण्याआधी बारीक बिटानं भोक पाडून घ्या. एमडीएफच्या कडेत तसाच स्क्रू घातला तर फळी उभी चिरते. कोपऱ्यापासून तीन-चार बोटं सोडून पहिला स्क्रू, मग दर वीतभर अंतराच्या आत एकेक. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं पुसा.

पेटीच्या आत, पुढून मागे जाणारी एखादी रीप आडवी मारा. बोटाच्या पेरानं ठोकून पाहा. "ठक" असा आखूड आवाज आला तर पेटी भक्कम आहे. "धब" असा लांबलेला आवाज आला तर अजून एक रीप पाहिजे. पेटीनं स्वतः गाऊ नये. गायचं काम स्पीकरचं.

आतल्या सगळ्या सांध्यांत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून भरा. बोटानं दाबून भरा. एक पूर्ण दिवस वाळू द्या. ड्रायव्हर घाई करतो. "मिस्त्री, रात्री माल भरायचाय, आजच द्या." तेव्हा सुतारानं गोड बोलून त्याला दुसऱ्या दिवसाचा वायदा द्यावा. ओला सांधा ट्रकच्या हादऱ्यानं उलतो.

वायरीचं भोकसुद्धा बुजवायचं. स्पीकरच्या चौकटीखाली रबराची किंवा फोमची पट्टी लावायची. मग हवा कुठून जाते का ते पाहायचं. उदबत्ती पेटवा. गाणं हळू लावा आणि उदबत्ती सांध्याजवळून सावकाश फिरवा. जिथं धुराची सरळ रेघ थरथरली तिथं फट आहे. दिसायला केसाएवढी असेल, पण फुसफुस करते आणि बेस खाते. ती बुजवा. शेवटी आत पावशेर ते अर्धा किलो उशीतला तंतूचा कापूस मोकळा करून भरा. त्यानं पेटी असते त्यापेक्षा थोडी मोठी असल्यासारखी वाजते. कापूस पडद्याला लागू देऊ नका.

रंग की कापड?

गिऱ्हाइकाला आधी बाहेरचं दिसतं. म्हणून शेवटच्या हातावरून सुताराची किंमत ठरते.

रंग द्यायचा असेल तर आधी कडा बघा. एमडीएफच्या कडा रंग पितात. पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात कडांवर मारा आणि वाळू द्या. मग पॉलिश पेपर घ्या. आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०. नंबर वाढतो तसा कागद बारीक होतो. स्क्रूच्या डोक्यांवर पुट्टी भरा. आपले पेंटर हिला लांबी म्हणतात. मग प्रायमर, परत २२० चा कागद, आणि वर रंगाचे दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. खालची बाजूसुद्धा रंगवा. ती कुणाला दिसत नाही, पण पावसाळ्यात केबिनमधलं पाणी तिथंच साचतं.

कारपेट किंवा रेक्झिन लावायचं असेल तर गोंद लाकडाला आणि कापडाला, दोन्हींना लावायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासा झाला की दाबून बसवायचं. त्या गोंदाचा वास डोक्यात जातो, आणि तो पेट घेतो. बिडी विझवून मगच डबा उघडा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. बंद केबिन त्याहून तापतं. कडेला हलका गोंद असेल तर कापड मे महिन्यात सुटून लोंबतं. कडा मागं वळवून बारीक खिळ्यांनी पक्क्या करा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मला विचाराल तर रंगच बरा. फडकं फिरवलं की साफ. रंगाच्या पेटीवर पेंटरकडून चार अक्षरं काढून घेता येतात. "हॉर्न ओके प्लीज" हे वाक्य व्यापारी गाड्यांच्या मागं लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५ साली मनाई केली. सीटमागच्या पेटीवर आईचं नाव लिहायला मात्र कुणाची हरकत नाही.

वीज आणि बॅटरी

हा भाग दोनदा वाचा. यात चूक झाली तर गाडी जळते.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोन्ही मिळून २४ व्होल्ट होतात. बाजारात मिळणारे बहुतेक अॅम्प्लिफायर १२ व्होल्टचे असतात. तो थेट २४ ला जोडला की जळाला. छोटा हत्ती टेम्पोसारख्या लहान गाड्यांना १२ व्होल्टच असतात. तिथं ही अडचण नाही.

मग ट्रकवाले काय करतात? दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतात. सोपं वाटतं, फुकट वाटतं. पण गाडी दोन्ही बॅटऱ्यांना सारखाच चारा घालते, आणि आपण काम मात्र एकाकडूनच घेतो. एक बैल उपाशी राहतो, दुसऱ्याला अपचन होतं. थोड्याच महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या बाद होतात. आडरानात, रात्री, भरल्या गाडीला स्टार्टर मारला तर गाडी उठत नाही. म्हणून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. त्याला खर्च येतो, पण दोन बॅटऱ्यांहून कमी.

तो केवढा घ्यायचा, याचंही गणित आहे. वॅटला व्होल्टनं भागलं की अॅम्पिअर येतात. १५० वॅटचा अॅम्प्लिफायर, भागिले १२, झाले साडेबारा. काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून २० धरा. ३० अॅम्पिअरचा कन्व्हर्टर घेतला की तो आरामात चालतो. केबिनला १५० वॅट पुष्कळ झाले. ५०० वॅटची हौस केली तर ४२ अॅम्पिअर नुसते हिशोबानंच येतात. ते काम घरगुती नाही.

बॅटरीवरून निघणाऱ्या वायरीला फ्यूज बॅटरीजवळच लावा. हातभर अंतराच्या आत. फ्यूज अॅम्प्लिफायरपाशी असेल तर मधली सगळी वायर उघडी पडली असं समजा. ती पत्र्याला घासून कापली गेली तर आग तिथंच लागते आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. आपल्या १५० वॅटच्या हिशोबाला २४ व्होल्टच्या बाजूला २० अॅम्पिअरचा फ्यूज आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. वायर तांब्याचीच आहे ना, ते टोक खरवडून पाहा. वरून तांबं आणि आतून पांढरं अॅल्युमिनियम, अशी वायरही विकली जाते. जिथं वायर पत्र्यातून जाते तिथं रबराची वाटी घाला. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा माणूस स्वतःची गाडी स्वतःच पेटवतो.

पेटी बांधून ठेवा, आणि कानही सांभाळा

पेटीचं लाकूड सुमारे १० किलो भरतं. स्पीकर पाच-सहा किलोचा. झाली १५-१६ किलो. ही पेटी ड्रायव्हरच्या पाठीमागं असते. गाडीसमोर अचानक गुरू आलं, कचकन ब्रेक मारला, तर गाडी थांबते, पेटी थांबत नाही. ती सीटवरून येऊन मानेत बसते. म्हणून लोखंडी अँगल आणि नटबोल्ट लावून पेटी केबिनच्या पत्र्याला घट्ट आवळा. नुसती सुतळी किंवा दोर चालणार नाही. बोल्टाचं भोक पाडण्याआधी खालून वायर किंवा ब्रेकची नळी जात नाही ना, ते वाकून पाहा.

आता कानाचं. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत कान सहन करतो, असं धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ट्रकच्या इंजिनाची घरघर आधीच कानावर असते, त्यात हे गाणं वाढतं. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. गाडीतून उतरल्यावर कानात किर्र वाजत असेल, तर आवाज जास्त होता असं समजा. शिवाय मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, टायर फुटल्याचा आवाज आला पाहिजे, क्लीनरची हाक आली पाहिजे.

आणि शेजाऱ्याचं? खालचा सूर भिंतीनं अडत नाही. सेकंदाला ४० वेळा थरथरणाऱ्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. सहाचाकी ट्रकच्या हौद्यापेक्षा लांब. ती भिंतीला जुमानत नाही. म्हणून रस्त्यावर गाडी उभी राहते आणि घरात फळीवरची भांडी वाजतात. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मिरवणुकीत टेम्पोवर स्पीकरची भिंत उभी करतात, तिच्याबद्दल मी इथं बोलत नाही. तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर माझं मत फारसं चांगलं नाही. एवढंच सांगतो की त्या भिंतीला आपले लोक "डॉल्बी" म्हणतात. रे डॉल्बी हा खरोखरीचा माणूस होता. त्यानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपमधली नको असलेली खरखर कमी करण्यासाठी! नाव कुठून कुठं गेलं पाहा.

पहिल्यांदा वाजवताना

नवीन स्पीकर पहिले आठ दिवस मध्यम आवाजात वाजवा. नवा पडदा ताठ असतो. तो हळूहळू मोकळा होतो. अॅम्प्लिफायरवर बेसचं बटण असतं. ते निम्म्याच्या पुढं नेऊ नका. आवाज फाटल्यासारखा येऊ लागला की लगेच कमी करा. फाटका आवाज म्हणजे अॅम्प्लिफायर आपल्या ताकदीबाहेर ओढतोय. बहुतेक स्पीकर त्याच वेळी जळतात.

आठ दिवसांनी गाडी परत सुताराकडे आणावी. स्पीकरचे सगळे स्क्रू, अँगलचे बोल्ट आणि बॅटरीवरची टोकं हादऱ्यानं ढिली झालेली असतात. ती एकदा आवळून घ्यावीत, आणि उदबत्ती परत एकदा सांध्यांवरून फिरवावी.